सतरा मैलांचा वारा

देवांगने वारा मोजायचं यंत्र डोक्यावर धरलं, मनात दहापर्यंत आकडे म्हटले आणि हात खाली आणून पाहिलं. तेवीस. तो मुक्कामाच्या ट्रेलरच्या कोपऱ्याशी अंग चोरून उभा राहिला, जणू जरा आडोसा मिळाला की यंत्र ओशाळून कमी दाखवेल, आणि त्याने पुन्हा मोजलं. सव्वीस. तिसऱ्या वेळी त्याने त्या चिमुकल्या पंख्याभोवती डावा तळहात धरला, निरांजन विझू नये म्हणून धरतात तसा. चोवीस.

म्हणजे शिकार रद्द.

याचा आनंद कुणाला व्हायला हवा होता, तर देवांगलाच. गेल्या चार मोसमांत तो बाबांबरोबर तीनदा इथे आला होता आणि हरीण दिसलं की तिन्ही वेळा त्याने गुपचूप डोळे मिटून घेतले होते. पण आज त्याला मचाणावर जायचंच होतं. मचाणावर कुणी ओरडू शकत नाही.

याचा त्याने फार विचार केला होता. बाबांना सांगायची गोष्ट वाईट होती, आणि त्याने सांगितली नाही तर उद्या दुपारी ती दुसरं कुणीतरी सांगणार होतं. उद्या रविवार. सुलेखामावशी शुगर लँडला घरी जेवायला येणार होती. मावशी आईची मैत्रीण, आणि देवांग ज्या हॉस्पिटलात भूलशास्त्राची रेसिडेन्सी करत होता तिथलीच डॉक्टर. वरणभात कालवता कालवता ती सहज विचारणार होती, "मग देवांगचं आता पुढे काय ठरलं?" कारण रेसिडेन्सी त्याने ऑगस्टमध्येच सोडली होती, आणि आता डिसेंबर चालू होता. मावशीचा समज होता की घरी सगळं माहीत आहे. घरच्यांचा समज होता की देवांग हल्ली फार थकतो. मधल्या चार महिन्यांत तो दर रविवारी ह्यूस्टनहून आईबाबांकडे जेवायला येताना आठवणीने स्क्रब्ज, म्हणजे डॉक्टरांचे ऑपरेशन थिएटरातले कपडे, घालून येई. रेसिडेन्सी चालू असताना तो एकदाही स्क्रब्ज घालून आला नव्हता.

घरी सांगावं, तर तिथे आई होती, आणि आई असली की एका गोष्टीच्या चार होत. गाडीत सांगावं, तर गाडी बाबा चालवत, ताशी सत्तर मैलांनी. ट्रेलरमध्ये बाबांचे मित्र नरेंद्रकाका होते. ट्रेलर लहान होता आणि काका त्यात सगळीकडे होते. राहिलं मचाण. जमिनीपासून बारा फूट उंच लाकडी खोका, आत दोनच माणसं, आणि बाबांनी स्वतः घालून दिलेला नियम: मचाणावर कुजबुजीपेक्षा मोठा आवाज काढायचा नाही. बाबांनी जन्मात स्वतःचा नियम मोडला नव्हता. शेजारी बंदूक असेल, हा मुद्दाही देवांगने विचारात घेतला होता. पण हातात बंदूक असली की बाबा जेवढे शांत असत, तेवढे एरवी फक्त झोपेत असत.

फक्त वारा वीसच्या खाली हवा होता. बाबांचा नियम प्लॅस्टिकचं कव्हर चढवून ट्रेलरच्या फ्रिजवर लावलेला होता: तीनदा मोजायचं, सरासरी काढायची, ताशी वीस मैलांच्या वर गेली तर बाहेर पडायचं नाही.

तो दार ढकलून आत गेला. दार त्याच्यामागे आपोआप आपटलं.

"किती?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

बाबा, म्हणजे डॉक्टर श्रीरंग, एकोणसत्तर वर्षांचे होते आणि त्यांतली एकतीस वर्षं त्यांनी लोकांना भूल देण्यात घालवली होती. निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलातल्या सर्जन मंडळींनी वर्गणी काढून त्यांना रायफल भेट दिली. या सर्जनांच्या इतक्या केसेस बाबांनी ऐनवेळी रद्द केल्या होत्या, की ही भेट आहे की सूचना, ते घरात कुणाला कळेना. बाबांनी ती भेट समजून घेतली. शिकारीचा सरकारी कोर्स पूर्ण केला, आणि आपला नंबर कितवा आला तेही विचारलं. त्या कोर्सात नंबर नसतात. मग नरेंद्रकाकांना जोडीला घेऊन त्यांनी टेकड्यांच्या या मुलखात, घरापासून चार तासांवर, एका रँचचा तुकडा मोसमापुरता भाड्याने घेतला. चार वर्षांत दोन हरणं मारली. दोन्हींचं मांस गावच्या अन्नछत्राला गेलं, कारण आईने फ्रीजरला कुलूप घातलं होतं.

"सतरा," देवांग म्हणाला. "मग एकोणीस. मग सोळा."

सतरा, सतरा, सतरा असं त्याने सांगितलं नाही. खोटे आकडे फार नीटनेटके असले की पकडले जातात, हे त्याला ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं, याचा विचार त्याने केला नाही.

बाबांनी पेन्सिलने तिन्ही आकडे लिहिले, खाली रेघ ओढली आणि भागाकार केला.

"सतरा पूर्णांक तेहतीस."

त्याच वेळी वाऱ्याने बाहेरची पत्र्याची बादली उचलली आणि ट्रेलरच्या भिंतीवर घातली. नंतर ती अंगणभर गडगडत गेली. तिघेही तिचा आवाज पूर्ण संपेपर्यंत थांबले.

"हा सतराचा वारा आहे?" नरेंद्रकाका म्हणाले. ते बाकावर स्लीपिंग बॅगमध्ये गळ्यापर्यंत शिरून चहा पीत होते. काका मूळ नागपूरचे, आता शुगर लँडचे, आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गॅसच्या पाइपलाइनी तपासल्या होत्या. "काय सांगून राहिला बे तू? माझी टोपी सकाळी या सतरानं तिकडं कुंपणाच्या तारेत नेऊन ठेवली."

"तो गस्ट असेल, काका. गस्ट काउंट करत नाहीत."

"कोण म्हणते?"

"बरोबर आहे त्याचं," बाबा म्हणाले. "झोत धरायचा नाही. सरासरी धरायची."

ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. बोलले तेव्हा थोडं काचेशी बोलल्यासारखं बोलले.

"हरणाचं सगळं कानावर आणि नाकावर चालतं. अशा वाऱ्यात दोन्ही निकामी होतात, म्हणून ते घळीत आडोशाला बसून राहतं. आलंच बाहेर, तर बिथरलेलं येतं. इकडे आपलं मचाण डुलणार. गोळी चार बोटं इकडेतिकडे गेली की जनावर मरत नाही, पळतं. मग माग काढायला जावं, तर पाचोळा सगळा उडालेला. रक्त कुठे पडलंय ते दिसत नाही. रात्रभर ते कुठेतरी झुडपात पडून राहणार. त्याला त्रास, आणि मला घरी जाऊन झोप नाही."

"पण सतराच आहे ना," देवांग म्हणाला. त्याचा आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा जरा वर लागला.

"सतराच आहे," बाबा म्हणाले.

दुसरा नियम ऑपरेशन थिएटरातून आला होता. निघायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं. एक जरी 'नको' म्हणाला तरी बेत रद्द, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. थिएटरात बाबा फरशी पुसणाऱ्यालाही विचारत. एकदा तो नको म्हणाला होता. त्यानंतर सर्जन महिनाभर बाबांशी बोलला नाही आणि फरशी पुसणारा मात्र दर ख्रिसमसला कार्ड पाठवायला लागला.

"नरेंद्र?" बाबांनी विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं. त्यातून कुठला शब्द येणार, ते देवांगला स्पष्ट दिसत होतं.

"काका, लाडू," तो घाईने म्हणाला.

काकांचं तोंड तसंच राहिलं. आईने डिंकाच्या लाडवांचा डबा दिला होता, आणि बाबांच्या यादीत लाडू 'मचाणावर' या सदरात होते. ट्रेलरमध्ये ते कुणाला मिळत नसत. काकांनी दोन वर्षं याविरुद्ध लढा दिला होता आणि हरले होते.

"किती आहेत?"

"बारा."

"वसुधावहिनींनी खारीक घातली काय यंदा?"

"खारीक आहे. बदाम पण आहेत."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरचं ओकचं झाड कमरेतून वाकून सगळ्यांना नमस्कार करत होतं.

"चारवर माझा हक्क," ते म्हणाले. "आणि मी उडून गेलो तर सुलभाला आकडा नीट सांगा. सतरा म्हणा. बायकोनं तरी हसावं."

"म्हणजे हो?"

"हो रे बाप्पा, हो."

"देवांग?"

"हो."

बाबांनी हात पुढे केला. "यंत्र दे."

देवांगने ते जाकिटाच्या खिशातून काढलं. त्याचा पडदा विझलेला होता. पण बटण दाबलं की तो पेटतो, आणि त्याच्या आत शेवटचा आकडा शिल्लक राहतो की नाही, हे देवांगने कधी पाहिलं नव्हतं. आता पाहायची वेळ गेली होती. बाबांनी यंत्र घेतलं, न बघता खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. मग ते पुन्हा खिडकीकडे वळले. ओककडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, एखाद्या माणसाचे श्वास मोजायला लागतो तेवढा वेळ.

"माझंही हो," ते म्हणाले.

काकांचं मचाण वेगळं होतं, बाबांच्या मचाणाच्या तीनशे पावलं मागे, दक्षिणेला. पहिल्या मोसमात तिघे एकत्र बसत. तेव्हा एका संध्याकाळी काकांनी अंजनगावच्या आतेभावाला हरीण दाखवायला व्हिडिओ कॉल लावला होता, आणि आतेभाऊ आनंदाने ओरडला होता. तेव्हापासून काका एकटे बसत. पायवाट फुटते तिथे त्यांनी चार लाडू मोजून घेतले, टोपीऐवजी डोक्याला पंचा बांधला आणि वाऱ्यावर रेलल्यासारखे तिरके तिरके निघून गेले.

बाबांच्या मचाणाची शिडी हलत होती. वर प्लायवूडचा खोका चार लाकडी पायांवर उभा होता, आणि त्याच्या उत्तरेच्या खिडकीतून शंभर यार्डांवरचा फीडर दिसे. दुपार कलली की तो आपोआप फिरून मक्याचे दाणे फेकायचा. आत बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या दोन खुर्च्या होत्या, चाकांच्या. एरवी त्या सोयीच्या होत्या. आज खोका मागे झुकला की दोन्ही खुर्च्या दाराकडे जात, आणि पुढे आला की खिडकीकडे. बापलेक बसल्या बसल्या जोडीने येरझारा घालत होते आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. बाबांनी रायफलमध्ये तीन गोळ्या भरल्या, सुरक्षेचा खटका लावला आणि ती मांडीवर आडवी धरली.

सव्वातीन झाले होते. देवांगने खिडकीच्या चौकटीला एका हाताने धरून ठेवलं आणि खुर्ची जरा स्थिरावली तसा तो बाबांच्या कानाशी वाकला.

"बाबा," तो कुजबुजला.

बाबा फीडरकडे बघत राहिले.

"बाबा, मला एक सांगायचंय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, बोटाने कान दाखवला आणि मान हलवली. काही ऐकू येत नव्हतं. प्लायवूड करकरत होतं, छताचा पत्रा थडथडत होता, फटींतून वारा शिट्ट्या घालत होता. चार महिने विचार करून आखलेल्या बेतात ही एवढीच गोष्ट राहून गेली होती. जिथे ओरडायला बंदी होती आणि कुजबुज ऐकू येत नव्हती, अशा जगातल्या एकमेव जागी त्याने खोटं बोलून बाबांना आणून बसवलं होतं.

"मला सांगायचंय!" तो जरा मोठ्याने म्हणाला.

बाबांनी हाताचा पंजा वर केला. थांब. मग त्यांनी रायफलचा बोल्ट मागे ओढला, तिन्ही गोळ्या एकेक करून काढल्या, वरच्या खिशात टाकल्या आणि रिकामी रायफल बोल्ट उघडा ठेवून कोपऱ्यात उभी केली. कानावरची टोपी वर सरकवली.

"आता बोल!" ते म्हणाले. "मोठ्याने बोल! वारा पंचवीसच्या आसपास आहे, कुजबुज चालायची नाही!"

देवांगच्या हातातून चौकट सुटली आणि तो खुर्चीसकट दाराकडे गेला. परत आला तेव्हा बाबा तिथेच वाट पाहत होते.

"तुम्ही यंत्र बघितलं?"

"यंत्र कशाला? ओकची जाड फांदी हलायला लागली की वीसच्या वर! यंत्र मी नरेंद्रसाठी घेतलंय, त्याला आकडा लागतो!"

"मग का आलात?"

बाबांनी आधी कोपऱ्यातली रायफल नीट टेकवून ठेवली.

"रद्दच करणार होतो! मग म्हटलं, हा खोटं कशाला बोलतोय? हरणासाठी नाही. हरीण दिसलं की तू डोळे मिटतोस! म्हणजे काहीतरी दुसरं आहे. म्हटलं, जाऊन बघू!"

देवांगने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले.

"मी रेसिडेन्सी सोडली!"

"काय?"

"रेसिडेन्सी! सोडली!"

"कधी?"

"ऑगस्टमध्ये!"

"आता डिसेंबर आहे!"

"आय नो, बाबा!"

"मग रविवारी ते स्क्रब्ज?"

"तुमच्यासाठी घालून येत होतो!"

"इस्त्री केलेले!" बाबा ओरडले. याचाच त्यांना सर्वांत जास्त राग आलेला दिसला. "रेसिडेंटच्या स्क्रब्जना कधी इस्त्री असते? मी तुझ्या आईला म्हटलंसुद्धा, याला वेळ कसा मिळतो!"

खुर्च्या खिडकीकडे गेल्या. दोघांनी चौकट धरली. आता ते गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"का सोडलीस?"

हे सांगायची तयारी त्याने केली होती. इंग्रजीत केली होती, परिच्छेद पाडून. त्यात 'बर्नआउट' हा शब्द होता आणि 'माय ओन जर्नी' असंही काहीतरी होतं. ते सगळं मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ओरडायला लहान गोष्टी लागतात.

"एप्रिलमध्ये एक केस होती! गॉलब्लॅडरची, साधी! प्रेशर मोजायचा कफ दंडावर नीट बसला नव्हता, आकडा आलाच नाही! परत घ्यायला हवं होतं, आणि मी घेतलं नाही! मी लिहून टाकलं!"

"काय लिहिलं?"

आणि वारा थांबला. एकाएकी, कुणी दार लावून घ्यावं तसा.

"एकशे अठरावर शहात्तर!" देवांग त्या शांततेत केवढ्यांदा तरी ओरडला.

आकडा माळावरून दूर गेला. पत्रा थडथडायचा थांबला होता. खुर्च्याही जागच्या जागी होत्या.

"पेशंट?" बाबांनी विचारलं. आता ओरडायची गरज नव्हती.

"ठीक आहे. दुसऱ्या दिवशी घरी गेली. तिने मला कुकीज पाठवल्या. मी दोन खाल्ल्या."

घरात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट होती. एकतीस वर्षांत बाबांनी हाताखालच्या एकाच डॉक्टरला काढून टाकलं होतं, आणि ते न घेतलेलं प्रेशर लिहिल्याबद्दल. तो मुलगा गुणी होता, त्याच्या बायकोला दिवस गेले होते, त्याच्यासाठी विभागप्रमुखांनी शब्द टाकला होता. बाबांनी त्याला दुपारच्या आत घरी पाठवलं. ही गोष्ट देवांगने इतक्या जेवणांत ऐकली होती, की त्या मुलाचं आडनावही त्याला पाठ होतं.

बाबा फीडरकडे बघत होते.

"आणि आज तीन सांगितलेस," ते म्हणाले.

"हो."

"एकाच्या जागी तीन."

"हो, बाबा."

वारा परत आला, आणि देवांगला त्याचा आधार वाटला. खोका मागे झुकला. बराच वेळ दोघे नुसते जाऊन येऊन होते. मग बाबांनी चौकट पकडली आणि विचारलं, पुन्हा ओरडून:

"मग चार महिने करतोयस काय?"

"घोड्यांना नाल मारतो!"

"कुणाला?"

"घोड्यांना! एका म्हाताऱ्याकडे शिकतोय, केटी गावाच्या पलीकडे! आठवड्याला वीस-बावीस घोडे होतात!"

"नालबंद?"

"काय?"

"नालबंद! त्या कामाला आपल्यात नालबंद म्हणतात!"

देवांगने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्याने तो तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला.

"तिथे काही लिहावं लागत नाही!" तो म्हणाला. "पाय मांडीत धरायचा आणि काम करायचं! नाल नीट बसला नाही, तर घोडाच सांगतो!"

"कसा सांगतो?"

देवांगने उजव्या पायाची पँट वर केली. नडगीवर दोन काळेनिळे चंद्र होते, एक जुना आणि एक या आठवड्यातला.

बाबा खुर्चीतून वाकले. अंगठा आणि दोन बोटं त्यांनी नडगीवर ठेवली आणि हाडावरून वरून खाली दाबत आणली, सावकाश, प्रत्येक ठिकाणी त्याच्या चेहऱ्याकडे बघत. नव्या चंद्राशी देवांगने ओठ आवळले. बाबांनी तिथे पुन्हा दाबलं.

"एक्स-रे?"

"नाही काढला."

"काढ," बाबा म्हणाले आणि पँट स्वतःच खाली ओढून दिली. मग ते सरळ बसले. "आणि घोडा भूल न देता उभा राहतो?"

"हो!"

"इतका वेळ?"

"एकेक तास!"

बाबांनी मान हलवली. एकतीस वर्षांचा आपला धंदा जगात कुणाकुणाला लागतच नाही, हे त्यांना आजच कळल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात फीडरशी काहीतरी हललं. झुडपांतून एक मोठा नर बाहेर आला, दहा टोकांच्या शिंगांचा, चार वर्षांत त्यांनी कधी न पाहिलेला. वाऱ्यामुळे त्याला यांचा आवाज गेला नव्हता, वासही गेला नव्हता. अंगावरचे केस उलटे फिरत होते, पण त्याने मान खाली घातली आणि तो मका खायला लागला, आडवा उभा राहून, जसा कोर्सच्या पुस्तकात काढलेला असतो तसा. बाबांचा हात खिशाकडे गेला. देवांगने सवयीने डोळे मिटले.

आवाज झाला नाही. त्याने डोळे उघडले, तेव्हा बाबांच्या हातात फोन होता. तो थरथरत होता. मचाणावर चढलं की सिग्नलची एक काडी मिळत असे. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाचलं आणि फोन देवांगपुढे धरला. निरोप नरेंद्रकाकांचा होता.

"मी काहीही ऐकलेलं नाही."

दोघं बघत असतानाच खाली दुसरा आला.

"एकशे अठरा तर मुळीच नाही."

वारा उत्तरेकडून वाहत होता. काका दक्षिणेला होते, तीनशे पावलांवर, डोक्याला पंचा बांधून. काकांना कळलं म्हणजे सुलभाकाकूंना कळलं, काकूंना कळलं म्हणजे रात्रीच्या आत शुगर लँडच्या चार गल्ल्यांना. पण मग त्याने पहिला निरोप पुन्हा वाचला. काका मूर्ख नव्हते. ते एक वाट ठेवत होते. बाबांनी नुसता अंगठा पाठवला असता, किंवा काहीच पाठवलं नसतं, तर ही गोष्ट या माळावरच राहिली असती. लोकांनी विचारलं असतं, बाबांनी 'बिझी असतो' म्हटलं असतं, आणि सगळ्यांनी वर्षानुवर्षं हो हो केलं असतं.

बाबांनी फोन मांडीवर ठेवला. मग उचलला. पाठ वाऱ्याकडे करून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत ते लिहायला लागले. मध्ये एकदा थांबले, काहीतरी खोडलं, नव्याने लिहिलं. खुर्ची दाराकडे निघाली तशी त्यांनी टाच फळीत रोवली आणि लिहीत राहिले. तिकडे नर मका खात होता. त्याच्याकडे आता दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"हे बघ," बाबा म्हणाले आणि फोन त्याच्या हातात दिला. "बरोबर आहे का सांग. एकही आकडा नाही, तरी वाच."

तिथे लिहिलं होतं: "ऐकलंस ते सगळं खरं आहे. देवांग नालबंद झाला. वसुधाला आम्ही दोघं घरी पोचल्यावर सांगतो. तोवर लाडू खा आणि गप्प बस."

देवांगने ते दोनदा वाचलं, आणि पाठवायचं बटण त्याने स्वतःच दाबलं.